गल्लीनं मिळून जागा घ्यायची, तर आधी पहाणी (जमिनीचा उतारा) वाचा

बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या गल्ल्यांत घर म्हणजे काय, हे इथल्यांना सांगायला नको. पुढच्या सोप्यात दोन माग, मागच्या खोलीत थोरल्याचा संसार, माळ्यावर धाकट्याचा. एकट्याच्या मजुरीत शहरात साईट, म्हणजे घरापुरता प्लॉट, परवडत नाही. म्हणून दहा-वीस घरं मिळून शहराबाहेर एकर-दीड एकर घेतात आणि वाटून घरं बांधतात. अशा सहा ग्रुपांबरोबर मी फिरलोय. पहिल्या ग्रुपात माझेच पैसे अडकले होते, त्यामुळे पुढे जे येईल ते थोडं तिखट लागेल.

पैसे

हा सोपा भाग. भिशी चालवणाऱ्या आपल्या बायकांना हिशेब शिकवावा लागत नाही. फक्त या कामासाठी भिशी लावू नका. ज्याला पहिल्याच वर्षी रक्कम उचलायला मिळते, त्याला पुढचे हप्ते जड होतात. वेगळं खातं काढा, तिघांच्या नावावर, दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत असं. गणपती मंडळाच्या खात्यात तर बिलकूल नको. मध्येच कुणी बाहेर पडला तर त्याच्या जागी दुसरा आल्यावरच पैसे परत, हे पहिला रुपया जमायच्या आधी वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

गणित

एजंट एकरात चाळीस गुंठे दाखवतो आणि माणसं चाळीस गुंठे वाटायला बसतात. रस्ते, मोकळी जागा, नागरी सोयींची जागा सोडली की मंजूर लेआउटमध्ये साधारण बावीस गुंठ्यांच्या साईट निघतात. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. म्हणजे ३० बाय ४० च्या वीस, किंवा २० बाय ३० च्या चाळीसेक. वीसपेक्षा जास्त घरं असतील तर लहान साईटची मानसिक तयारी आताच करा. वाटणीच्या दिवशी ते भांडण मिटत नाही.

जागा, म्हणजे खरं काम

इथे घाई केली की पुढचं सगळं फुकट.

पहिली गोष्ट, बाँड. बेळगावच्या आसपास अजूनही "शंभरच्या बाँडवर घेतलीय, नोटरी केलीय" असं अभिमानानं सांगणारी माणसं भेटतात. बाँडवर जागा नावावर होत नाही. शंभर रुपयांपुढच्या स्थावर मिळकतीचं खरेदीपत्र नोंदवलंच पाहिजे, हे १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. मुखत्यारपत्र घेऊन "खरेदीसारखंच आहे" म्हणणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलं की त्यानं मालकी येत नाही. तरी दर वर्षी कुणीतरी बाँड घेऊन येतो आणि आता काय करू विचारतो. विकणारा जिवंत आणि शुद्धीवर असेल तर त्याला आधी रजिस्ट्रारकडे न्या, एवढंच मी सांगतो.

दुसरी, पाहुण्यांचा सल्ला. कोल्हापूरचा मेव्हणा, चंदगडचा मामा सांगतो, "घ्या की गुंठा-गुंठा, गुंठेवारीत नियमित होतंय." गुंठेवारीचा कायदा महाराष्ट्राचा आहे, २००१ चा. तो इकडे चालत नाही. आपल्याकडचं अक्रम-सक्रम, म्हणजे बेकायदा बांधकामं दंड भरून नियमित करायची योजना, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात थांबलं. २०२५ च्या फेब्रुवारीत शहरांमधून बिनमंजूर जागांनाही बी खातं (मनपाची मिळकत नोंद) द्यायची मोहीम निघाली, तेव्हा एजंटांनी पेढे वाटले. बी खातं म्हणजे मनपा तुमच्याकडून घरपट्टी घेणार. तुमचा लेआउट मंजूर झाला असा त्याचा अर्थ नाही आणि गृहकर्जाला बँका मंजूर जागेचं ए खातंच मागतात. पंचायत हद्दीत तोच फरक नमुना ११ ए आणि ११ बी मध्ये असतो. शेवटचं एक अक्षर बघायला विसरू नका.

आता पहाणी. आपण तिला उतारा म्हणतो, पाहुणे सातबारा म्हणतात. कन्नडमध्ये असते म्हणून आपली माणसं ती एजंटाकडून "वाचून" घेतात. एजंट नववा रकाना वाचतो: मालकाचं नाव, क्षेत्र. झालं. तुम्ही दहावा आणि अकरावा वाचून घ्या, शेजारच्या शाळेतल्या पोराकडून का होईना. दहाव्यात जमीन मालकाकडे कशी आली ते असतं: वारसा, वाटणी, खरेदी की सरकारी मंजुरी. अकराव्यात बोजा: सोसायटीचं कर्ज, कोर्टाची स्थगिती, भूसंपादनाची नोंद. हलगा-मच्छे बायपासचा वाद ज्यांनी बघितलाय, त्यांना संपादनाचा अर्थ सांगायला नको.

दहाव्यात "वारसा" दिसला की थांबा. मी इथेच घसरलो. तिघा भावांनी सह्या केल्या, तलाठी म्हणाला ठीक, वकील म्हणाले ठीक, आम्ही चौदा घरांनी पैसे मोजले. सात महिन्यांनी चंदगड तालुक्यात दिलेल्या बहिणीनं दावा लावला. तिचं काय चुकलं? कर्नाटकात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून. भावांनी तिचं नाव वारस नोंदीत घातलंच नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही. चार वर्षं स्थगिती. शेवटी तडजोड झाली, तिचा हिस्सा आम्ही दर घरामागे पुन्हा चाळीस हजार भरून दिला. आमच्यातल्या एकानं त्यासाठी माग विकला. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही आणि त्याचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

तेव्हापासून माझा नियम असा. मालकाच्या घरी जाऊन चहा प्यायचा आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारायचं, "लेकी किती? कुठं दिल्यात?" कागदावर येत नाही ते ती सांगते. मग प्रत्येक लेक, गडहिंग्लज असो नाहीतर निपाणी, सब-रजिस्ट्रारसमोर येऊन सही करणार किंवा नोंदणीकृत हक्कसोड देणार, तरच पुढचं बोलणं. "ती काही मागणार नाही हो" हे वाक्य ऐकलं की मी उठतो. गाडीभाडं आणि साडी ग्रुपच्या खर्चातून द्या, स्वस्तात पडतं.

दहाव्यात सरकारी मंजुरी दिसली तर जास्तच सावध. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला मिळालेली जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. १९७८ चा कायदा आहे, झालेला व्यवहार रद्द होतो आणि जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाते. खूप वर्षं झाली म्हणून वाचू, हा भरवसाही २०२३ च्या दुरुस्तीनं संपवला. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या गरिबाची जमीन ढापून आपलं घर उभं करायचं हे मलाच पटत नाही. वतनाची, इनामाची जमीन असेल तर जुने हुकूम मागा. त्यांतले काही मोडीत असतात. मोडी वाचणारी माणसं अजून शहरात आहेत, शोधा.

बोजा दाखला, म्हणजे ई.सी., किमान तीस वर्षांचा काढा. एजंटानं दिलेली झेरॉक्स घेऊ नका, नोंदणी खात्याच्या कावेरी वेबसाइटवरून स्वतः काढा. पण ई.सी. मध्ये फक्त नोंदवलेले व्यवहार दिसतात. बहिणीचा हक्क, तोंडी वाटणी, कुणाचा बाँड, यातलं काही दिसत नाही. ई.सी. कोरा आला म्हणून बेफिकीर होणारे मी फार बघितलेत.

सर्व्हे नंबर तोच आहे का, हे जागेवर उभं राहून फोनवर सरकारच्या दिशांक ॲपमध्ये बघा. एका ग्रुपाला एजंटानं रस्त्याकडेचा तुकडा दाखवला होता आणि कागद मागच्या सर्व्हे नंबरचे होते. नंबरातला काही भागच घेणार असाल तर ११ ई नकाशा (त्या भागाच्या सरकारी मोजणीचा) होऊ द्या, त्याशिवाय विसार देऊ नका. बुडात (बेळगाव नगरविकास प्राधिकरणात) जाऊन मास्टर प्लॅनमध्ये तो नंबर पिवळ्यात आहे का बघा. पिवळा म्हणजे रहिवासी. हिरव्यात, म्हणजे शेतीत, असेल तर "पुढच्या प्लॅनमध्ये बदलतंय" हे ऐकून परत या.

आणि पाऊस. जागा कधीही एप्रिलमध्ये पसंत करू नका. एप्रिलमध्ये बळ्ळारी नाल्याकाठचं शिवारही मैदानासारखं दिसतं. ऑगस्टात जा. एकदा येळ्ळूर रस्त्याच्या बाजूला आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा भात गळ्यापर्यंत पाण्यात होता आणि मालक बांधावर छत्री धरून म्हणत होता, "यंदा जरा जास्त झालाय." बाजूच्या विहिरीच्या कठड्यावर जुन्या पाण्याच्या तीन रेघा होत्या. जरा जास्त दरवर्षीच होत असणार.

कुणी स्वतःच प्लॉट पाडून विकत असेल तर रेराचा, म्हणजे प्लॉट-फ्लॅट विक्रीवरच्या सरकारी नियामकाचा, नंबर मागा. ५०० चौरस मीटरवरच्या लेआउटला तो लागतो आणि एकर म्हणजे चार हजारांहून जास्त. नंबर नाही तर व्यवहार नाही.

खरेदी

एकाच "विश्वासू" माणसाच्या नावावर घेऊ नका. माणूस विश्वासू असतो, त्याचे वारस कसे निघतील सांगता येत नाही. खरेदीपत्रात सगळ्यांची नावं आणि हिस्से येऊ द्या, नवरा-बायको दोघांची. २०२० पासून शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, त्यामुळे विणकर आहे म्हणून नाव चालणार नाही असं कुणी सांगितलं तर ते जुनं झालं. खर्च आधी धरा: २०२५ च्या ऑगस्टअखेरीस नोंदणी फी १ वरून २ टक्के झाली. मुद्रांक शुल्क, अधिभार सगळं धरून साडेसात टक्क्यांच्या पुढे जातं, म्हणजे दहा लाखांना शहात्तर हजारांच्या घरात.

एन.ए., लेआउट, खातं

क्रम असा: आधी एन.ए., म्हणजे जमीन बिगरशेती करून घेणं, बुडाकडून लेआउट मंजुरी, मग वाटणीपत्र, मग प्रत्येकाचं ई-खातं. कागद नीट असतील तर हे फक्त वेळखाऊ आहे, अवघड नाही. खेटे घालायला ग्रुपातला निवृत्त माणूस ठेवा. माग बंद ठेवून जाणारा दोन महिन्यांत कंटाळतो. क्रम उलटा करू नका. आधी भिंती आणि मग एन.ए. करणाऱ्याला पुढच्या प्रत्येक खिडकीवर हात जोडावे लागतात.

घर

पंतप्रधान आवास शहरी योजनेचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून चालू आहे. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न आणि देशात कुठंही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नाही, अशांना स्वतःच्या साईटवर बांधायला केंद्राचे दीड लाख मिळतात, वर राज्याचा वाटा. घर ३० ते ४५ चौरस मीटर, म्हणजे २० बाय ३० वर आरामात बसतं. तुमचा भाग शहरी यादीत येतो का, ते अर्जाआधी विचारा. पैसे बांधकामाच्या टप्प्यांनुसार येतात, फोटो वेबसाइटवर चढल्यावर. पाया मात्र आधी तुमच्या खिशातून. म्हणून जागा घेतल्यावर ग्रुपचं खातं बंद करू नका. हप्ते अर्धे करा, पण चालू ठेवा. त्यातून एकेकाला पायाची रक्कम उचल द्या, हप्ता आला की त्यानं ती भरायची, मग पुढचा. आमच्या दुसऱ्या ग्रुपात अकरा घरांचे पाये याच एका रकमेनं निघाले, सावकाराकडे कुणी गेलं नाही.

ई-खात्याचा मसुदा आला की सही करण्याआधी नाव कन्नडमध्ये वाचून घ्या आणि आधारशी जुळवा. चौगुल्यांचं चवगुले झालं तर ते तेव्हाच बदलून मागा. पुढे तेवढ्यासाठी नोटरी, पेपरात जाहिरात आणि दोन दिवसांची मजुरी जाते.