आठ जण, दोन गाड्या, एक खोरं: फ्रान्सच्या खेड्यांतला आठवडा कसा आखावा

फ्रान्समधल्या खेड्यांची यादी करायला बसलं की पाहता पाहता वीस नावं होतात. त्यात भर घालायला 'ले प्ल्यू बो व्हिलाज द फ्रान्स' ही संस्था आहेच. १९८२ साली कोलोंज-ला-रूज इथे सुरू झालेल्या या संस्थेच्या यादीत सर्वांत सुंदर ठरवलेली दीडशेहून जास्त गावं आहेत, आणि यादीत यायचं तर वस्ती दोन हजारांच्या आत लागते. हा आकडा लक्षात ठेवा. एवढ्या गावात एखादी बेकरी, दोन-तीन खानावळी आणि गावाबाहेर एक पार्किंग असतं. आठ भुकेले लोक दुपारी अडीचला तिथे उतरले, तर आइस्क्रीमवर भागवावं लागतं. म्हणून गावं मोजू नका, तिथलं घड्याळ पाळा.

एका आठवड्याला एकच खोरं धरा. पहिल्या खेपेला दोर्दोन्य नदीचं खोरं उत्तम. पॅरिसहून तेजेव्हे या अतिवेगवान रेल्वेने बोर्दोला दोन तासांत पोहोचता येतं. मोटार तिथे घ्या, पॅरिसमध्ये नको. बोर्दोहून या खोऱ्यातल्या सार्ला शहराला साधारण अडीच तास लागतात. सार्लाजवळ मुक्काम ठेवला की बेनाक, ला रोक-गाजाक आणि दोम ही तिन्ही गावं वीस मिनिटांच्या टप्प्यात येतात. रोकामादूर आणि कोलोंज-ला-रूज सुमारे तासाभरावर, लोत नदीवरचं सँ-सिर्क-लापोपी दीड तासावर. नकाशावर हे अंतर किरकोळ दिसतं, पण रस्ते वळणांचे आहेत. ताशी पन्नास किलोमीटरच्या हिशेबाने वेळ धरा आणि दिवसाला दोनच गावं ठेवा. तिसरं गाव घातलं की जेवण हुकतं.

रोज मुक्काम बदलणं गटाला झेपत नाही. आठ जणांचं सामान बांधण्यात सकाळचे दोन तास जातात. त्यापेक्षा 'झीत' घ्या, म्हणजे स्वयंपाकघरासह भाड्याचं अख्खं घर. जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक झीत शनिवार ते शनिवारच देतात, त्यामुळे आधी घर ठरवा आणि मगच विमानाची तिकिटं काढा. ठरवताना चार गोष्टी लेखी विचारा: चादरी-टॉवेल भाड्यात आहेत का, शेवटची सफाई कोण करणार, अनामत किती, आणि पर्यटक-कर वेगळा आहे का. खोल्यांच्या आकड्यावर जाऊ नका, बाथरूम मोजा. 'शांब्र दोत' हा दुसरा पर्याय, म्हणजे घरमालकाकडची न्याहारीसह खोली. पण कायद्याने तिथे जास्तीत जास्त पाच खोल्या आणि पंधरा माणसं एवढीच परवानगी असते, म्हणून सगळा गट एकाच जागी मावेल असं धरून चालू नका.

शनिवारी घर बहुधा दुपारी चारनंतर ताब्यात मिळतं आणि दुसऱ्या दिवशी रविवार उजाडतो. रविवारी गावाकडची दुकानं उघडली तरी दुपारी बंद होतात. म्हणून पहिल्या दोन दिवसांचा किराणा शनिवारी वाटेतच, मोठ्या सुपरमार्केटमधून भरून घ्या. जुलै-ऑगस्टमधल्या शनिवारी महामार्ग तुंबलेले असतात. सरकारी 'बिझाँ फ्युते' सेवा दिवसागणिक रंग जाहीर करते: हिरवा, नारिंगी, लाल, काळा. काळ्या शनिवारी निघणं टाळता येत नसेल, तर पहाटे निघा.

आता गाडी. बी वर्गाच्या, म्हणजे साध्या मोटारीच्या, परवान्यावर चालकासह नऊ आसनांची व्हॅन चालवता येते, आणि 'सगळे एकत्र जाऊ' म्हणून गट तीच घेतो. इथे दोन अडचणी येतात. नऊ आसनं भरली की मागे नऊ मोठ्या बॅगा मावत नाहीत. लांब आवृत्तीच्या व्हॅनमध्ये थोडी जागा वाढते, पण तिची लांबी साडेपाच मीटरच्या घरात जाते आणि गल्लीत वळवताना घाम फुटतो. दुसरी अडचण उंचीची. पार्किंगच्या तोंडाशी पुष्कळदा आडवी दांडी असते आणि तिच्यावर १,९० किंवा २,०० असं लिहिलेलं असतं (फ्रेंच लोक दशांशाला स्वल्पविराम देतात). अशा व्हॅनची उंची सुमारे १.९७ मीटर. म्हणजे १,९० च्या दांडीखालून ती जात नाही. मागे चार गाड्या लागलेल्या असताना हे कळलं, तर सगळ्यांनाच रिव्हर्स घ्यावा लागतो. आठ जणांना दोन मध्यम गाड्या बऱ्या. एकाला थांबायचं असेल तर अख्खा गट अडकत नाही.

ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच मागा, कारण तिथे मॅन्युअल सर्रास देतात. अनामतीसाठी मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. प्रत्येक गाडीला दोन चालक ठेवा आणि दोघांची नावं करारात घाला. करारात नाव नसलेल्याने गाडी ठोकली, तर विम्याचा उपयोग होत नाही. भारतीय लायसन्ससोबत आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना किंवा अधिकृत फ्रेंच भाषांतर बाळगा. गाडीत चमकदार जॅकेट आणि त्रिकोण असणं सक्तीचं आहे, दोन्ही आहेत ना हे ताब्यात घेतानाच बघा. जॅकेट डिकीत नको, आत हाताशी हवं. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी वयाप्रमाणे आसन लागतं.

रस्त्यावर सर्वांत जास्त चकवणारा नियम म्हणजे 'उजवीकडून येणाऱ्याला आधी'. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण गावात उजव्या हाताच्या चिंचोळ्या गल्लीतून एखादी छोटी गाडी न थांबता तुमच्यासमोर येते, आणि तिचंच बरोबर असतं. चौकात काहीच पाटी नसेल तर हा नियम लागू. पिवळी चौकोनी, टोकावर उभी केलेली पाटी दिसली की तुमचा रस्ता प्राधान्याचा. त्याच पाटीवर काळी तिरपी रेघ आली की प्राधान्य संपलं, आणि ती रेघ बऱ्याचदा गावाच्या तोंडाशीच येते. लाल किनारीची गावाच्या नावाची पाटी हीच वेगमर्यादेची पाटी: तिथून ताशी ५०. बाहेरच्या दुपदरी रस्त्यावर साधारण ८०. काही जिल्ह्यांनी ९० केली आहे, म्हणून पाटी बघा. महामार्गावर १३०, पावसात ११०. हातात फोन दिसला तर १३५ युरो दंड. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम, नवशिक्या चालकाला ०.२. वाइनच्या दिवशी चालक कोण, हे सकाळीच ठरवा.

दिशादर्शकात गावाचं नाव टाकताना पाच आकडी पिनकोडही टाका. सँ-सिप्रियाँ नावाची गावं एकाहून अधिक आहेत. तुम्हाला हवं ते २४२२०, तर दुसरं एक ६६ ने सुरू होणारं, पार भूमध्य समुद्राकाठी. पहिले दोन आकडे जिल्ह्याचे: २४ दोर्दोन्य, ४६ लोत, १९ कोरेझ. दोन गाड्या असतील तर 'पुढच्या मागे चला' या भरवशावर राहू नका. दोघांच्या यंत्रात पार्किंगचाच पत्ता हवा.

इंधन भरताना 'गाझोल' म्हणजे डिझेल हे पाठ करा. गॅस समजून फसणारे कमी नाहीत. पेट्रोलला एसपी ९५-ई१० किंवा एसपी ९८. ई८५ हे मुख्यतः इथेनॉलचं इंधन स्वस्त दिसतं, पण साध्या गाडीत ते घालायचं नाही. सुपरमार्केटचे पंप स्वस्त पडतात, मात्र रविवारी तिथे माणूस नसतो आणि यंत्राला पिनचं कार्ड लागतं.

रोजचा क्रम असा ठेवा: नऊला पहिलं गाव, बाराला जेवण, दुसरं गाव चारनंतर. जेवण साधारण बारा ते दीड याच वेळात मिळतं, रात्रीचं साडेसातनंतर. आठ जणांचं टेबल आदल्या दिवशी फोन करून राखा, आणि रविवारी रात्री व सोमवारी बंद आहे का ते विचारा. ला रोक-गाजाकला एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नदी, मधून एकच रस्ता. अकरानंतर तो तुंबतो, म्हणून ते गाव सकाळीच उरका. पादिराकचं विवर आणि मोंतिन्याकचं लास्को ४ (आदिमानवाच्या चित्रगुहेची प्रतिकृती) यांची वेळेची तिकिटं आधीच काढा.

सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी, सँ-सिप्रियाँचा रविवारी. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी चौकात गाडी लावायच्या आधी खांबावरची पाटी वाचा. 'मार्शे' आणि वार लिहिलेला असेल तर सकाळी गाडी उचलून नेतात. निळ्या पट्ट्यांच्या जागेत काचेमागे पोहोचल्याची वेळ दाखवणारी निळी चकती ठेवावी लागते.

शाकाहारी मंडळींसाठी हा मुलूख अवघड आहे. बदक आणि हंस इथल्या स्वयंपाकाचा कणा. 'सार्लादेझ' बटाटे निव्वळ बटाटे वाटतात, पण परतलेले असतात बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत. लसणाचं 'तुरँ' सूपही बहुधा तसंच. आरक्षण करतानाच 'साँ व्हियांद, साँ ग्रेस द कानार' म्हणजे मांस नको, बदकाची चरबी नको, असं सांगा. रोकामादूरचं बकरीच्या दुधाचं चीज, अक्रोड, भाज्या हे बाजारातून आणून झीतमध्ये शिजवलेलं जेवण सगळ्यांत निर्धास्त.

खर्चाला एक सामायिक डबा करा: इंधन, टोल, पार्किंग, किराणा त्यातून. खानावळ आणि वाइन ज्याची त्याने भरावी, भांडणं तिथूनच सुरू होतात. टोलनाक्यावर फक्त नारिंगी 'टी' असलेल्या रांगेत शिरू नका, ती टॅगवाल्यांची.

गाडी परत करायची वेळ कार्यालय उघडं असताना ठेवा. लहान शहरांत ते दुपारी बंद असतं, रविवारी तर हमखास. किल्ली पेटीत टाकून यावंच लागलं, तर चारही बाजू, चाकं, इंधनाचा काटा आणि किलोमीटर यांचे फोटो तिथल्या तिथे काढा. कंपनीचे लोक गाडी तपासेपर्यंत जबाबदारी तुमचीच असते.