रंग सगळ्यात शेवटी: जुनी पिकअप घरच्या घरी उभी करताना

मामांची पिकअप माझ्याकडे आली तेव्हा ती सहा वर्षं जागची हललेली नव्हती. एकेरी केबिन, मागे उघडा हौदा, डिझेल इंजिन, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक आणि पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. मी शिवणकाम करते, मेकॅनिक नाही. त्यामुळे मला आधी काय सुचलं, तर रंग. शेडकार्डं आणून आठवडाभर बघत बसले. मग एक दिवस हातोडी घेऊन गाडीखाली सरपटत गेले आणि चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, डाव्या दांड्यावर, पाट्याच्या पुढच्या टोकाजवळ, ठोकून पाहिलं. टण्ण वाजायच्या जागी भद्द वाजलं आणि गंजाचे पापुद्रे तोंडावर पडले. शेडकार्डं कपाटात गेली ती पावणेदोन वर्षांनी बाहेर आली.

तेव्हा कामाला खालून सुरुवात करा, आणि अख्खी गाडी एकदम उघडू नका. जुना कोट दुरुस्त करताना सगळ्या शिवणी एकाच दिवशी उसवल्या की समोर कोट राहत नाही, चिंध्या राहतात. गाडीचंही तसंच आहे. एक भाग उघडायचा, पुरा करायचा, बसवायचा, मग दुसरा. अर्धवट सोडलेल्या ज्या गाड्या मी पाहिल्या आहेत त्या बहुतेक खोक्यांत भरलेल्या होत्या.

हातोडीची फेरी मात्र पहिल्याच दिवशी करा. गंज कुठे शोधायचा? जिथे दोन पत्रे एकावर एक बसतात आणि चिखल अडकतो तिथे: पाट्यांच्या हँगरपाशी, मागच्या एक्सलच्या वर जिथे चासी वाकते तिथे, डिझेलच्या टाकीच्या पट्ट्यांखाली, केबिनच्या मागच्या कोपऱ्यांत, दाराखालच्या उंबऱ्यात. दारांच्या तळाला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती बुजली की दार आतून कुजतं. बाहेरचा रंग चकाचक असला तरी कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे आधीच्या मालकाने लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, थापली आहे. माझ्या उजव्या दाराच्या तळाला बोटभर जाड लांबी निघाली. तिच्यामागे पत्राच नव्हता.

गाडी उचलायची तर सपाट, कडक जमिनीवर. जॅक फक्त उचलण्यासाठी. खाली जायच्या आधी जॅक स्टँड, म्हणजे गाडीचा भार धरून ठेवणारे पक्के पाय, आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. काढलेलं चाकही मी चासीखाली आडवं सरकवून ठेवते. हे सगळं झालं की गाडीला खांद्याने जोरात धक्का देऊन बघायचं. हलणार असेल तर तेव्हाच हलू दे, मी खाली असताना नको.

हौदा काढणं हा माझा सगळ्यात चांगला निर्णय. सहा ते आठ बोल्ट, मागच्या दिव्यांची वायर, अर्थिंगची एक तार आणि टाकीत डिझेल भरायचं नळकांडं; एवढं सुटलं की चार माणसं हौदा उचलून बाजूला ठेवतात. मग टाकी, ब्रेकचे पाइप, पाटे, चासी सगळं उभ्याने दिसतं. अडचण एकच, ते बोल्ट सुटत नाहीत. तीन दिवस रोज संध्याकाळी गंजावरचं पातळ तेल सोडा आणि बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे चार ठोके द्या. सोडवण्याआधी किंचित आवळून बघा, गंजाची पकड त्यानेच तुटते. नंतर अर्धा आटा सोडायचा, पाव आटा परत आवळायचा, असं पुढेमागे. तरीही नाहीच, तर नट तापवा, बोल्ट नाही. तापलेला नट फुगून सैल होतो. टाकी किंवा रबरी पाइप जवळ असेल तर ज्योत अजिबात नको, सरळ ग्राइंडरने कापा आणि नवा बोल्ट घाला. काढलेले बोल्ट डब्यात टाकू नका. पुठ्ठ्यावर त्या भागाची आकृती काढा आणि ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचा. शिलाईची मापं मी वहीत लिहिते, बोल्टांची पुठ्ठ्यावर.

चासीचं वेल्डिंग घरी शिकायची जागा नाही. ते मी एका जुन्या वेल्डरकडून करून घेतलं. मी म्हटलं, "वरून एक पट्टी मारली तर?" ते म्हणाले, "बाई, कुजक्यावर पट्टी मारली तर पट्टी तेवढी राहील." चांगला धातू लागेपर्यंत कापलं, मग जोडलं.

केबिनचा पत्रा मात्र मी स्वतः जोडला, आणि इथे माझा धंदा कामी आला. आधी जाड कागदाचा नमुना बेतायचा, तो भोकावर ठेवून वाकवून बघायचा, जमला की मगच पत्रा कापायचा. केबिनला ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचा पत्रा पुरतो आणि मिग वेल्डिंगला (यात वितळणारी तार पिस्तुलातून आपोआप पुढे येते) ०.६ मिलिमीटरची तार. नवशिक्याची हटकून होणारी चूक म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्डिंग ओढत जाणं. उष्णतेने पत्रा पापडासारखा वाकडा होतो. त्यापेक्षा आधी चार कोपऱ्यांना एकेक ठिपका, मग समोरासमोर एकेक, मग मधल्या जागी. कच्चे टाके घालतात तसं. प्रत्येक ठिपका हात लावण्याइतका निवू द्या. असे ठिपके भरत भरत रेघ पूर्ण होते. एका उंबऱ्याला मला दोन रविवार लागले.

वेल्डिंगआधीच्या काही गोष्टींना मात्र सूट नाही. बॅटरीच्या दोन्ही तारा काढा. वेल्डिंगची अर्थ क्लिप कामाच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. जस्त चढवलेल्या पत्र्यावरचं जस्त आधी घासून काढा. त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. आणि ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर कधीही वेल्डिंग करू नका. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं, वेल्डिंगच्या उष्णतेने त्यापासून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो. काम संपल्यावर अर्धा तास पाण्याची बादली घेऊन तिथेच बसा. माझ्या केबिनच्या गालिच्याखालचा जुना नमदा वेल्डिंग थांबल्यावर वीस मिनिटांनी धुमसायला लागला होता.

आता ब्रेक. इंजिन सुरू व्हायच्या आधी गाडी थांबायला शिकली पाहिजे. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेने फुंकू नका. जुन्या ब्रेक शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. सहा वर्षं उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर (चाकातले, ब्रेक शू ढकलणारे), मास्टर सिलिंडरची (पेडलजवळचा, ब्रेक ऑइल दाबणारा) रबरं आणि रबरी होज यांना दुसरी संधी देऊ नका, बदला. लोखंडी पाइपावर नख घासून खवले निघत असतील तर तोही. ब्रेक ऑइल कोणतं, ते झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ३ आणि डॉट ४ ही हवेतलं पाणी शोषतात, म्हणून उघडी बाटली पुढच्या महिन्यासाठी ठेवायची नाही. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही. आणि ब्रेक ऑइल रंग खातं. नव्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. ब्रेकच्या पाइपांत अडकलेली हवा काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा चाकामागचं निपल, म्हणजे हवा सोडायचा बारीक स्क्रू, उघडून बंद करतो, आणि निपल बंद झाल्याशिवाय पहिल्याने पाय उचलायचा नाही.

पाटे उतरवणार असाल तर त्यांना एक्सलशी आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच आणा. ते आवळताना ताणले जातात, दुसऱ्यांदा तशी पकड देत नाहीत. पाट्यांच्या टोकांतले रबरी बुश बसवताना बोल्ट नुसते हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोनदा हौद्यावर चढून उड्या मारा आणि मगच पूर्ण आवळा. हवेत लटकलेल्या अवस्थेत आवळलेलं बुश गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं.

आता बदलांचा मोह. मी एक जादा पाटा घातला. त्याने मागचा भाग बसत नाही एवढंच. गाडीची भार नेण्याची ताकद वाढत नाही. ती एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी यांतल्या सगळ्यात कमजोर भागावर ठरते. वर मी एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळे घालून मागचा भाग पाच सेंटिमीटर उचलला. गाडी रुबाबदार दिसली आणि ब्रेक लागायला लांब अंतर घ्यायला लागले. दोन दिवस मी हवा काढत बसले. दोष हवेत नव्हता. पुष्कळ पिकअपना मागच्या एक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत एक दांडी जाते. हौद्यात माल भरला की मागचा भाग खाली बसतो, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना जास्त दाब देतो. मी गाडी उचलल्यामुळे त्या व्हॉल्व्हला हौदा सतत रिकामा वाटत होता. एक्सलवरचा दांडीचा कंस तेवढाच, पाच सेंटिमीटर, उंच केला आणि ब्रेक परत आले. गाडी उचलणार असाल तर ही दांडी आधी शोधा. पुढच्या एक्सलवर असे ठोकळे कधीच घालू नका. आणि उंची, टायर, दिवे यांतलं काहीही बदलण्याआधी तुमच्याकडच्या नोंदणीच्या नियमांत ते बसतं का, हे विचारून घ्या.

मोठ्या टायरांचं गणित सोपं आहे. टायरचा व्यास १० टक्के वाढला की काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ने धावत असते. चढावर दम कमी पडतो, ब्रेकना जास्त झटावं लागतं. मी मूळ मापावरच राहिले.

दिव्यांच्या बदलाने मात्र खरंच फरक पडला. जुन्या पिकअपमध्ये हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. इंजिन चालू असताना माझ्या बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते, दिव्याच्या मागे ११.९. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी झपाट्याने पडतो: व्होल्टेज १० टक्के कमी, तर उजेड साधारण ३० टक्के कमी. उपाय म्हणजे दोन रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालू होऊन मोठा करंट सोडणारे स्विच. जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो आणि दिव्याचा करंट बॅटरीकडून थेट, २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरने येतो. ६० वॉटचे दोन दिवे म्हणजे जवळजवळ १० अँपिअर, त्यामुळे १५चा फ्यूज, आणि तो बॅटरीच्या अगदी शेजारी. अर्थिंगच्या जागा पत्रा चमकेपर्यंत घासा. पिकअपमधली निम्मी विजेची भुतं तिथेच राहतात. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खोचण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी घेतला नाही. उजेड फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

इंजिनाबद्दल थोडक्यात, कारण ते मला सगळ्यात कमी कळतं. जुनं डिझेल काढा, फिल्टर आणि ऑइल बदला, बॅटरी सुटी असतानाच पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. टायमिंग बेल्ट असेल तर किलोमीटर कितीही कमी असोत, वयामुळे बदला. हातपंप दाबून डिझेलच्या लाइनमधले बुडबुडे संपेपर्यंत हवा काढा. पहिल्यांदा सुरू करताना एअर फिल्टर काढलेला आणि हाताशी एक लाकडी फळी असू द्या. डिझेल इंजिन कधी बेफाम धावत सुटतं, तेव्हा चावी बंद करूनही थांबत नाही; हवेचं तोंड फळीने झाकायचं, तळव्याने नाही. मला फळी लागली नाही.

आणि मग शेडकार्डं. लांबी ३ मिलिमीटरपेक्षा जाड नको, भोकावर तर नकोच. घासायला ८०, १८०, ३२० आणि शेवटी पाणी लावून ६०० नंबरचा पेपर. प्रायमर एपॉक्सीचा. वरचा कोट मी बाहेर मारून घेतला, कारण हार्डनर मिसळायच्या रंगांत आयसोसायनेट असतं आणि त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. साध्या मास्कवर फवारणी केली तर दमा कायमचा मागे लागू शकतो. रंग वाळल्यावर उंबऱ्यांत आणि दारांच्या पोकळीत मेण फवारलं, मग पाण्याची भोकं तारेने पुन्हा मोकळी केली. हौद्याचा मागचा फाळका शेवटी लावला, बिजागरीला ग्रीस घालून.

पहिले १०० किलोमीटर झाले की गाडी उभी करून चाकांचे नट आणि यू-बोल्टचे नट टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) तपासा, ५०० झाले की पुन्हा. माझ्या यू-बोल्टच्या आठ नटांपैकी तीन पहिल्या तपासणीत पाव आटा फिरले.