किरी तान्सूचा खण अडकला तर

जून-जुलैत जपानात त्सुयूचा, म्हणजे तिथल्या पावसाळ्याचा, पाऊस लागला की जुन्या तान्सूचे (खणांच्या जपानी लाकडी कपाटाचे) खण दमटपणाने फुगून अडकतात. जोर लावून ओढलं की कडीच हातात येते, आणि जुन्या घडणीची तशीच कडी पुन्हा मिळणं कठीण.

तान्सू किरीच्या (पॉलोनिया झाडाच्या) लाकडाचा असेल तर आधी हे करून बघा:

१. अडकलेल्या खणाला हात लावू नका. त्याच्या वरचा किंवा खालचा खण अर्धा बाहेर काढा आणि झटकन आत ढकला. बांधणी घट्ट असल्याने आतली हवा दाबली जाते आणि अडकलेला खण थोडा पुढे येतो. दोन-तीनदा करावं लागतं. मागची फळी चिरलेली असेल तर मात्र हवा निसटते, मग हा उपाय चालत नाही.

२. खण पुढे आला की दोन्ही कड्या धरून सरळ ओढा. एकाच बाजूने ओढलात तर तिरका होऊन पुन्हा अडकेल.

३. खण रिकामा करून सावलीत, वाऱ्यावर ठेवा. कडक ऊन नको, लाकूड तडकतं.

४. सुकल्यावर खणाच्या खालच्या कडांवर साधी पांढरी मेणबत्ती घासा. तेल अजिबात नको, ते लाकडात मुरून आतल्या किमोनोला लागतं.

किरी तान्सू ओल्या फडक्याने कधीही पुसू नका. डाग बसतात आणि ते घरच्या घरी जात नाहीत. कोरडं, मऊ सुती फडकंच वापरा.