बोअरच्या पाण्याच्या मुलखात पोलने उंच काचा कशा धुवायच्या

संभाजीनगरात एका दुमजली शोरूमच्या काचा आम्ही पहिल्यांदा पोलने धुतल्या, तेव्हा तासाभरात काम उरकलं आणि पाईप गुंडाळून आम्ही चहाला गेलो. परत येईपर्यंत काचा वाळल्या होत्या आणि वरपासून खालपर्यंत पांढरे ठिपके उमटले होते. पोल चांगला होता, ब्रश कोरा होता, पोरांनी कामात कसूर केली नव्हती. पाणी मात्र इमारतीमागच्या बोअरचं होतं. पुढचे दोन दिवस शिडी लावून त्याच काचा हाताने पुसाव्या लागल्या. तेव्हापासून नव्या माणसाच्या हातात मी पोलच्या आधी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, देतो.

ही पद्धत थोडक्यात अशी आहे. लांब, एकात एक सरकणारा पोल, त्याच्या टोकाला ब्रश, ब्रशमध्ये पाण्याचे छोटे फवारे, आणि खाली टाकी, पंप आणि पातळ पाईप. माणूस जमिनीवर उभा राहून तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंतची काच घासतो आणि तिथल्या तिथे खळखळून धुतो. साबण नाही, वायपर नाही, फडकं नाही. काच ओलीच सोडायची, ती आपोआप वाळते. शिडीवरून पडण्याचा धोका जातो, हे या पद्धतीचं सगळ्यात मोठं देणं. ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामाचे नियम कडक झाले, त्यानंतर तिथे पोलचा वापर झपाट्याने वाढला. आपल्याकडे अजून कमरेला दोर न बांधता छज्ज्यावर उभी राहणारी पोरं दिसतात, म्हणून हे काम नीट शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आधी पाणी

काच ओली सोडायची म्हटल्यावर पाण्यात जे काही विरघळलेलं आहे ते काचेवर राहणारच. टीडीएस १००० असलेल्या एक लिटर पाण्यात साधारण एक ग्रॅम क्षार असतात. पोलमधून मिनिटाला दीड लिटर पाणी धरलं तर तासाला ९० लिटर होतं, म्हणजे तासाभरात तुम्ही त्या काचांवरून ९० ग्रॅम क्षार फिरवता. यातला बराचसा भाग पाण्याबरोबर खाली वाहून जातो, पण जे थेंब काचेवर वाळतात ते आपला वाटा सोडून जातात. टीडीएस १० च्या आत आणला की तेच ९० ग्रॅम एका ग्रॅमच्याही खाली येतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. म्हणजे पाणी प्यायला योग्य आहे, एवढ्यावरून ते काचेला चालेल असं धरू नका. मीटरवर शून्य दिसलं तर उत्तम. १० च्या पुढे गेलं की मी काम सुरू करत नाही.

मीटर काही शे रुपयांत मिळतो. बोअर, नळ, टँकर, जार सगळं मोजून वहीत लिहून ठेवा. आपल्याकडे एकाच गल्लीतल्या दोन बोअरचा आकडा वेगळा निघतो, आणि त्याच बोअरचा दिवाळीतला आकडा मे महिन्यात राहत नाही.

पाणी शुद्ध करायचं ते दोन टप्प्यांत. पहिला टप्पा आरओचा. त्याच्या आधी गाळाचा फिल्टर आणि कार्बन फिल्टर हवाच, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आरओमधला क्षार अडवणारा पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, खराब करतं. पाणी फार जड असेल तर त्याही आधी सॉफ्टनर लावा. चांगला आरओ नव्वद टक्क्यांहून जास्त क्षार काढतो, पण १००० चं पाणी त्यातून तीस-पन्नासवर येऊन थांबतं. उरलेलं काढायला डीआय रेझिनची, म्हणजे पाण्यातले क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक दाण्यांची, टाकी लागते. थेट बोअरचं पाणी रेझिनमध्ये सोडू नका. रेझिनची ताकद मोजकी असते. पन्नासचं पाणी दिलं तर ते जितकं टिकेल, त्याच्या विसाव्या हिश्श्यात हजारच्या पाण्याने संपेल, आणि रेझिन स्वस्त नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने लगेच मोठा प्लांट घेऊ नये. घरगुती आरओ तासाला दहाएक लिटर पाणी देतो, म्हणजे २०० लिटरचा ड्रम वीस तासांत भरतो. फक्त त्यातला टीडीएस कंट्रोलर आणि मिनरलची नळकांडी काढून टाका. चवीसाठी पाण्यात परत क्षार घालणं हेच त्यांचं काम असतं. गल्लोगल्ली मिळणारा वीस लिटरचा जारही चालतो, पण रेझिनमधून काढूनच.

आता आपल्या भागाचा प्रश्न. घरगुती आरओ एक लिटर चांगल्या पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. २०० लिटरच्या ड्रममागे ४०० ते ६०० लिटर. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मुलखात हे पाणी गटारात सोडणं मला पटत नाही. त्याला वेगळी टाकी ठेवा. संडासाला, फरशीचा पहिला हात मारायला, पायऱ्या आणि पार्किंग धुवायला ते चालतं. झाडांना मात्र रोज घालू नका, त्यात क्षार जास्त असतात आणि आपल्या काळ्या मातीत ते साचत जातात. ज्या इमारतीचं काम घेता तिथल्या वॉचमनशी आधी बोललात तर आरओ तिथेच लावून उरलेलं पाणी त्यांच्या वापराच्या टाकीत सोडता येतं.

दोन स्रोत असे आहेत ज्यांच्याकडे फारसं कोणी बघत नाही. एक म्हणजे पत्र्यावरचं पावसाचं पाणी. पहिला पाऊस पत्रा धुण्यात जाऊ द्या, नंतरचं पाणी झाकलेल्या टाकीत घ्या. हजार चौरस फूट पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ९०० लिटर पाणी होतं, आणि त्याचा आकडा बोअरच्या मानाने नगण्य असतो. सिमेंटच्या गच्चीवरच्या पाण्यात थोडा चुना उतरतो, म्हणून पत्रा बरा. दुसरं पाणी एसीचं. मोठ्या दवाखान्यात किंवा ऑफिसात एसीच्या नळीतून दिवसभर ठिबकणारं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी. गाळून, मीटर लावून ते रेझिनमधून काढलं तर आरओची गरजच पडत नाही. पावसाळ्यात ते भरपूर मिळतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत मात्र त्यावर विसंबू नका.

साहित्य

पोल अॅल्युमिनियम, फायबरग्लास आणि कार्बन फायबर अशा प्रकारांत येतो. अॅल्युमिनियम स्वस्त, पण विजेच्या तारांमुळे मी त्याच्या वाटेला जात नाही. दुमजली कामाला २० ते २५ फुटांचा फायबरग्लास पुरतो. ३० फुटांच्या पुढे त्याचं वजन खांद्याला जाणवतं आणि तो वाकू लागतो. तिथे कार्बन हलका आणि ताठ राहतो. ब्रश नायलॉनच्या मऊ केसांचा घ्या. पाईप ८ मिलिमीटरचा, किमान ५० मीटर.

पंप म्हणून १२ व्होल्टचा बॅटरीवरचा डायफ्रॅम पंप लागतो. हाच पंप आपल्या फवारणीच्या बॅटरी पंपात असतो, त्यामुळे शिकायला कोरा फवारणी पंपसुद्धा चालून जातो. पण कपाशीवर किंवा तुरीवर औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी घेऊ नका. ते पाणी तुमच्या अंगावर आणि लोकांच्या दारात पडणार आहे.

पोल कुठे उघडायचा नाही

हा भाग घाईत वाचू नका. कार्बन फायबरमधून वीज जाते. अॅल्युमिनियममधून जातेच. फायबरग्लास कोरडा आणि स्वच्छ असेल तर वीज रोखतो, पण आपला पोल पाण्याने निथळत असतो, त्यावर धूळ बसलेली असते, म्हणून तोही सुरक्षित धरायचा नाही. आपल्या बाजारपेठांत ११ केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या, तारा दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागून गेलेल्या असतात. मी असा हिशेब ठेवतो: पूर्ण उघडलेला पोल हातातून सुटून कोणत्याही दिशेला पडला, तर तारेपासून किमान दहा फूट लांब राहिला पाहिजे. तेवढी जागा नसेल तर ती बाजू पोलने करायची नाही, किंवा महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्यावरच करायची. गिऱ्हाईक कितीही म्हणो, “रोज इथूनच माणसं काम करतात”.

वर बघताना आग्या मोहोळही बघा. उंच इमारतीच्या छज्ज्याखाली, पाण्याच्या टाकीखाली ते लटकलेलं असतं. ब्रशचा धक्का किंवा पाण्याचा फवारा त्याला लागला तर खालच्या रस्त्यावरच्या सगळ्यांवर संकट येतं. मोहोळ दिसलं की त्या बाजूचं काम थांबवा आणि ते हलवणाऱ्या जाणकाराला बोलवा.

वळवाचं आभाळ भरून आलं, लांब कुठे गडगडलं, तरी पोल खाली. वारा सुटला तरी खाली. खाली ये-जा असेल तर दोरी बांधा आणि एक माणूस फक्त लोकांकडे लक्ष ठेवायला उभा करा. पाईपमध्ये पाय अडकून पडणारे बहुतेक मोबाइल बघत चाललेले असतात.

काम सुरू करण्याआधी

इमारतीभोवती एक फेरी मारा. सगळ्या खिडक्या आतून बंद आहेत ना, रबर कुठे सुटलंय का, काचेला तडा आहे का, ते बघा. सरकत्या खिडक्यांच्या पट्टीत मातीने भोकं बुजलेली असतील तर पाणी आत उतरतं. अशा ठिकाणी आतल्या माणसाला फडकं घेऊन उभं राहायला सांगा. पट्ट्यांच्या जुन्या लाकडी खिडक्या पोलने करू नका. फ्रेमवर बोट फिरवा, बोटाला पांढरी भुकटी लागली तर रंग सुटलाय. त्याचे ओघळ काचेवर येणार हे मालकाला आधीच सांगा. सिमेंटचे आणि रंगाचे शिंतोडे, वर्षानुवर्षं बसलेले खाऱ्या पाण्याचे डाग ब्रशने जात नाहीत. ते वेगळं काम आहे आणि त्याचा दर वेगळा.

वेळ सकाळची धरा. मे महिन्यात पारा ४० च्या पुढे असताना तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते, आणि घासलेली माती धुण्याआधीच वाळून बसते. सकाळी पश्चिमेची बाजू, दुपार कलल्यावर पूर्वेची. सावलीच्या मागे चालत राहायचं. मराठवाड्यात याला पर्याय नाही.

प्रत्यक्ष धुणं

पोल भिंतीशी उभा धरा. सगळ्यात आतला, म्हणजे बारीक भाग आधी वर काढा, त्याचा क्लॅम्प लावा, मग त्याखालचा. उतरवताना उलट: हाताशी असलेला सगळ्यात खालचा क्लॅम्प आधी. भाग एकदम सोडून देऊ नका, बोटं चिरडतात.

भिंतीला चिकटून उभं राहू नका. मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं आणि घाण पाणी तोंडावर येतं. थोडं मागे सरका, पण पोल फार तिरका होऊ देऊ नका. एक पाय पुढे, एक मागे, आणि जोर कमरेपासून लावा.

सगळ्यात वरच्या मजल्यापासून सुरू करा. प्रत्येक खिडकीची वरची फ्रेम आधी घासून धुवा आणि तिला थोडं निथळू द्या. ही पायरी लोक वगळतात. मग फ्रेमच्या खाचेत साठलेली धूळ, काच स्वच्छ झाल्यावर, काळ्या ओघळांनी खाली येते. फ्रेम झाली की काच. ब्रश काचेला टेकवून वर-खाली घासा, मग आडवा, कोपरे दोनदा. दाबायची गरज नाही. केस वाकले की ते घासत नाहीत. पक्ष्यांची घाण असेल तर तिच्यावर पाणी सोडून ती भिजू द्या आणि पुढची खिडकी करून परत या.

धुताना ब्रश काचेपासून इंच-दोन इंच लांब धरा आणि एका वरच्या कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, मग सावकाश खाली या. काही काचांवर पाणी चादरीसारखं सलग उतरतं. तिथे एवढं पुरतं. काहींवर ते मोत्यांसारखं तुटतं. तिथे ब्रश काचेला हलका टेकवूनच धुवा आणि जास्त पाणी द्या. धुऊन झाल्यावर वरच्या फ्रेमला परत ब्रश लावायचा नाही. शेवटी खालची पट्टी. एका खिडकीकडून दुसरीकडे जाताना पाणी बंद करायची सवय लावा. पोलला छोटा कॉक बसवला तर हाताशीच बंद करता येतं.

काच वाळल्याशिवाय पैसे मागू नका. वाळल्यावर बाजूने उजेडात बघा. वरून खाली गेलेली रेघ दिसली तर फ्रेम नीट धुतली गेली नाही. सगळीकडे सारखे ठिपके दिसले तर मीटर बाहेर काढा, रेझिन संपलंय. वर्षभर न धुतलेल्या काचेला पहिल्या वेळी दोन हात लागतात, तेही दर सांगतानाच बोलून घ्या.

घरी आल्यावर पोलचे भाग वेगळे करून आतली माती धुवा, नाहीतर ती सरकताना पोल घासते. पाईप आणि पोल उन्हात ठेवू नका. रेझिन आणि मेम्ब्रेन कोरडी पडू देऊ नका. महिनाभर काम नसेल तरी आठवड्यातून एकदा त्यातून पाणी फिरवा. ड्रम झाकलेला ठेवा, डासांसाठीही. आणि झाकलेल्या ड्रममधलं पाणी असलं तरी दुसऱ्या दिवशी पंप सुरू करण्याआधी मीटर पुन्हा एकदा बुडवा.