उष्माघात: आधी अंग गार करा, मग गाडीत घाला

मे महिन्यात भर दुपारी माणूस कोसळला की सगळे त्याला उचलून दवाखान्याकडे धावतात. हेतू चांगलाच असतो, पण तापलेल्या जीपमध्ये चारजणांच्या मधे दाबून नेलेल्या त्या माणसाचं अंग वाटेत आणखी तापतं. उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेलेलं असतं. ते जितका वेळ तिथे राहतं तितकी मेंदू, यकृत, मूत्रपिंडं आणि स्नायूंची हानी वाढते. ३० मिनिटांच्या आत ते ३९ पर्यंत उतरवता आलं, तर वाचण्याची शक्यता खूप मोठी असते. ही ३० मिनिटं बहुतेक वेळा शेतात, वीटभट्टीवर किंवा मैदानातच संपतात. म्हणून गार करण्याचं काम तिथेच सुरू व्हायला हवं.

ओळखायचं कसं

थर्मामीटरची वाट पाहू नका. काखेतलं माप आतल्या तापमानापेक्षा बरंच कमी येतं, आणि भांबावलेल्या माणसाच्या तोंडात काचेची नळी घालणं धोक्याचं. खरी खूण मेंदूची असते. माणूस असंबद्ध बडबडतो, उगाच चिडतो, घरच्यांना ओळखत नाही, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, त्याला झटके येतात किंवा तो बेशुद्ध पडतो. नाव, गाव आणि आजचा वार विचारा. उन्हात राबलेल्या किंवा तापलेल्या घरात असलेल्या माणसाला हे नीट सांगता येत नसेल आणि अंगाला चटका बसत असेल, तर उष्माघात समजूनच कामाला लागा.

पिंडऱ्यांत गोळे येणं, घेरी, मळमळ, डोकं ठणकणं, दरदरून घाम, पण बोलणं अगदी शुद्धीवरचं, हा उन्हाचा थकवा. त्याला सावलीत आडवं करा, पाय उशीवर घ्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला आणि घोट घोट ओआरएस द्या. अर्ध्या तासात उतार पडला नाही, उलट्या थांबेनात किंवा बोलणं बिघडू लागलं, तर तोही उष्माघातच समजा.

‘घाम येतोय, म्हणजे ऊन लागलेलं नाही’ या समजुतीने फार घात केला आहे. पत्र्याच्या खोलीत दोन-तीन दिवस तापत पडलेल्या म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी लागते, हे खरं. पण पोलीस भरतीसाठी धावणारा मुलगा किंवा तेंदूपत्ता तोडणारी बाई उष्माघातातही घामाने चिंब असू शकते.

काय करायचं, कोणत्या क्रमाने

एकाने १०८ ला फोन लावावा आणि ‘ऊन लागलंय, शुद्धीवर नाही’ असं स्पष्ट सांगावं. बाकीच्यांनी त्याच क्षणी रुग्णाला सावलीत आणून अंगावरचे शक्य तितके कपडे काढावेत. बाईमाणूस असेल तर भोवती साडीचा आडोसा धरा, पण संकोचापायी गार करणं लांबवू नका. श्वास चालू आहे ना, ते पाहा. चालू नसेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहा. श्वास आहे पण शुद्ध नाही, अशा वेळी कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही.

आता पाणी. धडधाकट तरुण माणसासाठी सगळ्यांत जलद उपाय म्हणजे बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बुडवणं. त्याने साधारण दर ५ मिनिटांना १ अंश उतरतो. टब लागतोच असं नाही. ताडपत्री पसरा, रुग्णाला मधे ठेवा, चारी कडा चार-पाच जणांनी उचलून धरा आणि आत ८०-१०० लिटर पाणी व मिळेल तेवढा बर्फ टाका. पाणी हाताने घुसळत राहा, नाहीतर कातडीलगत कोमट थर बसतो आणि गारवा आत पोचत नाही. एकाने डोक्याखाली हात देऊन तोंड पाण्याबाहेर धरायचं. बर्फ रसवंतीवर मिळतो, मासळीवाल्याकडे मिळतो, लग्नघरी तर हमखास असतो.

पाणी कुठलं घेता, यावर बरंच अवलंबून आहे. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी छतावरच्या टाकीचं पाणी कढत असतं, ते अंगावर ओतून उपयोग नाही. विहीर, हापसा, माठ किंवा रांजणाचं पाणी घ्या. चालू कूलरच्या टाकीतलं पाणीही बरंच गार असतं, पण आधी प्लग काढा. टाकीत हात घालून विजेचा धक्का बसल्याने माणसं दगावली आहेत.

वयस्क किंवा हृदयरोगी माणसाला बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. सगळं अंग सतत ओलं ठेवा आणि जोरात वारा घाला: टेबल फॅन, सुपली, पुठ्ठा, जे हाताशी असेल ते. जोडीला बर्फाच्या पाण्यात पिळलेले पंचे डोकं, मान, छाती, काखा आणि जांघांवर ठेवा व दर २-३ मिनिटांनी बदला, कारण एवढ्या वेळात ते गरम होतात. नुसत्या कपाळावरच्या घड्यांनी काही साधत नाही.

ओलं करून वारा घालण्याची युक्ती चालते ती पाणी उडून जातं म्हणून. अकोला, चंद्रपूरच्या कोरड्या हवेत ती छान चालते. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत पाणी उडत नाही, तिथे बर्फाशिवाय भागत नाही. याच दमटपणामुळे किनाऱ्यावर ३८ अंशही जिवावर बेततात. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा पारा साधारण तेवढाच होता.

थांबायचं कधी? थर्मामीटर नसेल तर रुग्ण नीट उत्तरं देऊ लागेपर्यंत, किंवा बर्फाच्या पाण्यात १५-२० मिनिटं होईपर्यंत. कुडकुडायला लागला एवढ्यावरून थांबू नका, बोलणं सुधारलं का ते पाहा. रुग्णवाहिका आली तरी गाडीत ओले पंचे आणि वारा चालू ठेवायला सांगा.

काय करू नये

पॅरासिटामॉल किंवा ॲस्पिरिन देऊ नका. साध्या तापात मेंदूनेच शरीराचं तापमान वर ठरवलेलं असतं आणि गोळी ते खाली आणते. उष्माघातात मेंदूचं ठरवणं जागेवर असतं, उष्णताच बाहेर पडत नसते. गोळीने पारा उतरत नाही, आधीच मार खाल्लेल्या यकृतावर ओझं मात्र पडतं.

पूर्ण शुद्ध नसताना तोंडात पाणी, पन्हं, कांद्याचा रस काहीही घालू नका, ते फुप्फुसात जातं. पन्हं आणि ताक शुद्धीवरच्या माणसासाठी उत्तमच. कांदा तळपायाला चोळण्यात गेलेली १० मिनिटं मात्र परत मिळत नाहीत. ‘तापल्या अंगावर एकदम गार पाणी घालू नये’ असं कुणीतरी वडीलधारं म्हणेलच. त्यांना समजवा, पण बादली थांबवू नका.

झटके आले तर दात उघडायला चमचा घालू नका. कुशीवर वळवा आणि गार करणं चालू ठेवा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारा असेल तर ते १०८ वाल्यांना सांगा, कारण साखर उतरल्यावरही माणूस असाच बरळतो.

ओआरएस

बाजारातलं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यासाठी असतं. ते ग्लासभर पाण्यात घातलं तर मीठ जास्त होऊन उलट अपाय होतो. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, ५ मिलिलिटरचा. चव अश्रूंहून खारट लागली तर ओतून द्या आणि पुन्हा करा.

उठून बसल्यावरही

‘आता बरा आहे, घरी नेतो’ असं म्हणू नका. यकृत आणि मूत्रपिंडांचं नुकसान पुढच्या एक ते तीन दिवसांत वर येतं, म्हणून शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात नेऊन रक्त तपासून घ्यायला हवं. लघवी चहासारखी गडद होणं, फार कमी होणं, डोळे पिवळे दिसणं किंवा हिरड्यांतून रक्त येणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी परत न्या. पुन्हा उन्हातल्या कामावर डॉक्टरांनी सांगितल्यावरच जायचं. पहिल्या दिवशी फक्त सकाळचे एक-दोन तास, मग आठ-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवत. नव्याने कामाला लागलेल्या मजुरालाही हेच लागू आहे, कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला तेवढेच दिवस लागतात.