इंका ट्रेलला जायचंय? मग आधी तारीख पकडा

सह्याद्रीत आपलं कसं असतं, शुक्रवारी ग्रुपवर मेसेज पडतो, शनिवारी पहाटे कसारा लोकल आणि रविवारी रात्री घरी. इंका ट्रेल, म्हणजे पेरूतल्या डोंगरांतून चालत माचूपिच्चूला जाणारी इंकांची जुनी वाट, असा होत नाही. तिथे दिवसाला फक्त ५०० माणसं सोडतात आणि त्यात गाईड, आचारी, पोर्टर सगळे आले, म्हणजे ट्रेकरच्या वाट्याला साधारण २०० जागा. एकट्याने जाताच येत नाही, लायसन्सवाल्या एजन्सीमार्फतच परमिट निघतं. मे ते सप्टेंबर कोरडा सीझन, त्यातल्या तारखा पाचसहा महिने आधीच संपतात, आणि फेब्रुवारीत ट्रेल महिनाभर बंद. त्यामुळे आधी परमिट मग विमान, मी उलटं केलं आणि मग तारखा जुळवताना विमानाचे जे पैसे गेले ते आठवायला नको.

परमिट पासपोर्टवर निघतं आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आपल्याकडे नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, कुणी ते फॉर्ममध्ये लिहितं कुणी गाळतं, तसला घोळ इथे घालू नका, पासपोर्टवर जे छापलंय तेच अक्षर न अक्षर द्या. मध्येच पासपोर्ट रिन्यू होणार असेल तर एजन्सीला आधी कळवा आणि जुना पण सोबत ठेवा. झेरॉक्स चालत नाही, मूळ पासपोर्टच लागतो.

आता खरा मुद्दा. अंतर ४२-४३ किलोमीटर आणि चार दिवस, हे ऐकून राजगड-तोरणा करणाऱ्याला हसू येईल. पण कळसूबाई १६४६ मीटर आणि इथली सगळ्यात उंच खिंड ४२१५, म्हणजे अडीच पट. चढायचा सराव असतो आपल्याला, विरळ हवेचा नसतो. ज्या शहरातून ट्रेकला निघतात ते कुस्कोच मुळात ३४०० मीटरवर आहे, लिमाहून विमानाने थेट तिथे उतरलात की डोकं ठणकायला लागतं, त्याला तिकडे सोरोचे म्हणतात. किमान दोनतीन दिवस आधी पोचा. त्यातल्या त्यात शहाणपण म्हणजे उतरल्या उतरल्या खाली ओयान्तायताम्बो गावाला जायचं, ते २८०० च्या आसपास आहे, झोप बरी लागते. पहिल्या दिवशी दारू नको, पोटभर जेवण नको. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही ते आपल्या घरच्याच डॉक्टरला विचारून जा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, आणि ती घेतल्यावर बोटांना मुंग्या येतात नि सारखं लघवीला जावं लागतं, घाबरू नका.

पहिला दिवस सोपा. रेल्वेमार्गाच्या किलोमीटर ८२ ला, म्हणजे पिस्काकुचोला चेकपोस्ट, मग उरुबांबा नदीच्या कडेने चाल. दुसऱ्या दिवशी ती खिंड, वार्मिवान्युस्का. क्वेचुआत, म्हणजे इंकांच्या भाषेत, अर्थ मेलेली बाई, खालून बघितलं तर डोंगराची रेघ उताणी झोपलेल्या बाईसारखी दिसते म्हणून. इथे एकच युक्ती, लाज वाटेल इतकं हळू चाला. वीस पावलं, थांबा, श्वास, परत वीस पावलं. पुढे पळालेली पोरं नंतर धापा टाकत बसलेली भेटतातच. वर वारा बोचरा असतो, जॅकेट बॅगेच्या तळाशी ठेवू नका. फोटो काढा आणि लगेच पाकायमायोच्या कॅम्पकडे उतरा.

पण माझ्या मते ट्रेक खरा कळतो तो तिसऱ्या दिवशी. रुंकुराकाय, सायाक्मार्का, ढगांत बुडालेलं फुयुपातामार्का, एकामागून एक अवशेष, दरडींवर झाडांचं रान, आणि पायाखाली पाचशे वर्षांपूर्वीची मूळ फरसबंदी. लोक विचारतात एवढ्या पायऱ्या का. तर इंकांकडे चाकाची गाडी नव्हती, घोडा नव्हता, सगळा कारभार माणसाच्या पायावर आणि लामाच्या पाठीवर, मग वळणं घेत चढण सोपी करायची गरज काय, सरळ पायऱ्याच काढल्या. त्याची किंमत आपले गुडघे देतात, फुयुपातामार्काहून शेवटच्या कॅम्पजवळच्या विन्यायवायनाच्या अवशेषांपर्यंत जवळजवळ हजार मीटर उतार आहे. काठ्या दोन घ्या, टोकाला रबराची टोपी हवीच, उघडं लोखंडी टोक चालत नाही. नीकॅप घ्या. सरावाला घरच्या बिल्डिंगचा जिना चढण्यापेक्षा उतरा जास्त.

तंबू, भांडी, जेवण पोर्टर नेतात, खेचर बंद आहे ट्रेलवर. पुरुष पोर्टरला २० किलोची मर्यादा आहे आणि चेकपोस्टवर वजन होतं, म्हणून पोर्टरकडे द्यायची तुमची डफल बॅग साधारण ७ किलोच, त्यात स्लीपिंग बॅग आणि मॅट पण आली. हे लोक ओझं घेऊन अक्षरशः पळतात, मागून आवाज आला की डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या नाही. स्वस्तातली एजन्सी बघताना ती पोर्टरला काय देते, कुठे झोपवते हे विचारा, उत्तर टाळलं की समजून जा. टिप सोलमध्ये, म्हणजे पेरूच्या चलनात, सुट्ट्या नोटा कुस्कोतूनच आणा, वाटेत एटीएम नाही.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, सूप, किनोआ, बटाटे भरपूर मिळतात, बटाटा तिथलाच ना शेवटी. अंडं चालतं की नाही तेही स्पष्ट करा. मेतकूट आणि लोणच्याची छोटी पुडी न्या, तिसऱ्या रात्री सोन्यासारखी वाटते. आणि हो, कॅम्पवर बरीचशी शौचालयं उकिडवं बसायची आहेत, तिथे आपण गोऱ्यांपेक्षा पुढे.

चौथ्या दिवशी तीन-साडेतीनला उठवतात, ट्रेलच्या शेवटच्या चेकपोस्टचं गेट साडेपाचच्या सुमारास उघडतं. मग इंतीपुंकु, सूर्यदरवाजा, तिथून खाली माचूपिच्चू. ढग असले तर काहीच दिसत नाही, चिडू नका, तासाभरात बऱ्याचदा फाटतात.

परमिट नाहीच मिळालं तर किलोमीटर १०४ वरून दोन दिवसांचा छोटा ट्रेल आहे, त्याला पण परमिट लागतं पण विन्यायवायना आणि सूर्यदरवाजा दोन्ही मिळतात. साल्कान्ताय हा दुसरा ट्रेक आहे, त्याला इंका ट्रेलचं परमिट लागत नाही पण खिंड ४६०० मीटरच्या वर जाते.

वाटेत कोकाची पानं देतील (कोकेन बनतं तीच), चघळा, चहा प्या, बरं वाटतं. उरलेली मात्र तिथेच टाका, बॅगेत राहिली आणि मुंबईच्या कस्टमला सापडली तर अवघड होईल.