कार्डाने किती पावसाळे पाहिलेत? गोव्यात ग्राफिक्स कार्ड निवडताना

गेल्या वर्षी म्हापशातल्या आमच्या शेजारचा मुलगा वापरलेलं आरटीएक्स ३०८० हे ग्राफिक्स कार्ड (गेमची चित्रं तयार करणारा कॉम्प्युटरचा भाग) घ्यायला निघाला होता. मला सोबत घेऊन गेला. विकणाऱ्याचं घर कांदोळीला, किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर. कार्ड लावलेलं होतं, गेम छान चालत होता. बंद करून बाहेर काढायला लावलं आणि मोबाइलचा टॉर्च मारला. मागच्या पत्र्याच्या कडेला तांबूस गंज, स्क्रूची डोकी काळवंडलेली आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांवर पांढरट भुकटी. हाताने पुसली तरी जाईना. समुद्राची खारी हवा अल्युमिनियमला खाते, तेव्हा अशी भुकटी धरते.

"काका, पण चालतंय ना?" पोराने हळूच विचारलं. चालत होतं, पण आम्ही घेतलं नाही. नवं की जुनं हा प्रश्न मला कुणी विचारला की आता मी आधी हेच सांगतो: इथे कार्डाचं वय पावसाळ्यांत मोजायचं.

आधी मॉनिटर बघा

मॉनिटर १०८०पी (फुल एचडी) आणि ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा असेल तर एएमडीचं आरएक्स ६६०० किंवा एनव्हीडियाचं आरटीएक्स ३०६० पुरतं. त्याहून महाग कार्डाचे पैसे पडद्यावर दिसणारच नाहीत. त्याहून बारीक चित्राचा १४४०पी असेल तर कार्डावर निदान १२ जीबी मेमरी हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

किती जुनं चालेल, ती रेघ ओढा

कार्डांच्या चिप बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या एनव्हीडिया आणि एएमडी. एनव्हीडियाची आरटीएक्स २० मालिका २०१८ची, एएमडीची आरएक्स ६००० मालिका २०२०ची. दोन्हींत रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या मोजण्याचं हार्डवेअर आहे. त्याआधीची कार्डं आता घेऊ नका. २०२५ साली आलेला 'डूम: द डार्क एजेस' हा गेम हे हार्डवेअर असल्याशिवाय चालत नाही, आणि असे गेम वाढत जाणार. त्यात एनव्हीडियाने त्याआधीच्या जीटीएक्स १० मालिकेसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ला थांबवले. पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट. त्याच मालिकेतला जीटीएक्स १०८० टीआय २०१७ला राजा होता, ११ जीबी मेमरीचा. घरात असेल आणि तुम्ही व्हॅलोरंटसारखे हलके गेमच खेळत असाल तर खुशाल चालू द्या. विकत मात्र घेऊ नका.

जोड्या लावून तोला

नुसतं नवं-जुनं म्हणून काही कळत नाही, दोन कार्डं शेजारी ठेवावी लागतात. आरटीएक्स ३०६० (२०२१) आणि आरटीएक्स ४०६० (२०२३) घ्या. ४०६० वेगवान आहे आणि ११५ वॉटमध्ये भागवतं, ३०६०ला १७० लागतात. पण ३०६०च्या मूळ आवृत्तीत १२ जीबी मेमरी आहे, ४०६०त ८. गेममधलं टेक्श्चर (पृष्ठभागांची बारकाई) वर नेलं की ८ जीबी भरते आणि गेम अडखळायला लागतो. ३०६०चं ८ जीबीचंही मॉडेल आहे, ते चुकूनही उचलू नका.

दुसरी जोडी आरटीएक्स ३०८० (२०२०) आणि आरटीएक्स ४०७० (२०२३). वेग साधारण सारखा. ३०८० खातं ३२० वॉट, ४०७० खातं २०० वॉट. रोज चार तास खेळलात तर १२० वॉटच्या फरकाने महिन्याला १४-१५ युनिट जास्त. बिलापेक्षा मला उष्णतेची काळजी वाटते. तेवढी सगळी उष्णता खोलीत येते. मे महिन्यात, पंख्याखाली, दार लावून बसलेल्या माणसाला ती चांगलीच जाणवते. ३०८०साठी ७५० वॉटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) सांगितलेला आहे, ४०७०साठी ६५०. एसएमपीएस बदलावा लागला तर जुन्या कार्डाची बचत तिथेच गेली.

फ्रेम जनरेशनच्या, म्हणजे खऱ्या चित्रांच्या (फ्रेमच्या) मधे कार्डाने स्वतःची चित्रं घालून वाढवलेल्या आकड्यांना भुलू नका. एनव्हीडियाचं हे तंत्र ४० मालिकेपासून पुढेच मिळतं हे खरं, पण मुळात फ्रेम कमी असतील तर हाताला जड वाटायचं ते वाटतंच.

मदरबोर्ड आणि कॅबिनेट

आरएक्स ६६०० आणि ४०६० मदरबोर्डवरच्या स्लॉटच्या १६पैकी ८च लेन (डेटाच्या वाटा) वापरतात. बोर्ड जुना, पीसीआयई ३.० या जुन्या पिढीच्या स्लॉटचा असेल तर थोडा वेग जातो, आणि मेमरी भरली की जास्तच जातो. कॅबिनेटमधली जागा टेपने मोजून घ्या. अर्थिंग तपासून घ्या, हे फार महत्त्वाचं. पावसात वीज जाते-येते, त्यात जुन्या घरांचं अर्थिंग भरवशाचं नसतं; यूपीएस असलेला बरा.

वापरलेलं कार्ड हातात घेतलं की

मॉनिटरची केबल लागते त्या एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टच्या आत टॉर्च मारा. गंज किंवा हिरवट डाग दिसला तर तिथूनच परत फिरा. पंखा बोटाने अलगद फिरवून बघा, खरखर नको. मग विकणाऱ्याच्याच मशिनवर कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडा. जुन्या चिपवर नव्याचं नाव चढवलेली बनावट कार्डं त्यात बहुधा पकडली जातात. कार्डावर पूर्ण ताण टाकणारं फरमार्क पंधरा मिनिटं चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघा. ३०८०ची मेमरी ११० अंशांवर पोचली की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. तसं झालं तर आतले थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) गेलेत असं धरा. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन दिसले तर काही विचारूच नका.

मायनिंगला, म्हणजे कॉम्प्युटरवर दिवसरात्र गणितं करून इथेरियमसारखं डिजिटल चलन मिळवायला वापरलेल्या कार्डांची लोक फार भीती घेतात. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा अशी कार्डं ढिगाने बाजारात आली. त्यांचे पंखे आणि पॅड झिजतात, पण ते बदलता येतात. खाऱ्या हवेने खाल्लेला सर्किट बोर्ड बदलता येत नाही. समुद्रापासून आत असलेल्या डिचोलीतल्या कोरड्या खोलीतलं मायनिंगचं कार्ड आणि किनाऱ्यावरच्या घरातलं 'फक्त गेमिंग'चं कार्ड यांत मी पहिलं घेईन.

भाव आणि बिल

नव्याच्या साठ टक्क्यांहून जास्त भाव सांगितला तर मी नवंच घेतो. बहुतेक कंपन्या ३ वर्षांची वॉरंटी देतात, म्हणून मूळ बिल मागा आणि त्यावरचा सीरियल नंबर कार्डावरच्या स्टिकरशी ताडून बघा. वॉरंटीत कार्ड पणजीत द्यायचं की राज्याबाहेर पाठवायचं, हेही आधी विचारून ठेवा.

घरी आणल्यावर पावसाळ्यात कार्ड आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. रोज तासभर चालवलं की त्याच्या उबेने ओल धरत नाही. खिडकीखाली सीपीयू ठेवला असेल तर जूनच्या आधी तो आतल्या भिंतीकडे सरकवा.